नळाचा हात, पोहऱ्याचा हात

पाणी भरायच्या दोन तऱ्हा मराठवाड्यातल्या घरांना पाठ आहेत. एक नळाची. चावी जेवढी उघडाल तेवढी धार, आणि ती जितका वेळ उघडी तितका हंडा भरलेला. पाणी गळ्याशी आलं की चावी वेळेत फिरवायची. क्षणभर उशीर झाला की पाणी अंगणात. दुसरी तऱ्हा आडाची. सात हात दोर सोडला की पोहरा सात हात खाली जातो. हात थांबला की पोहराही तिथंच थांबतो. नळापाशी हिशोब वेळेचा असतो, आडावर अंतराचा.

कंट्रोलर (दोन्ही हातांत धरून खेळायचं उपकरण) बाजूला ठेवून कीबोर्ड-माउसवर शूटर (गोळीबाराचा) गेम खेळायला बसलेल्या माणसाचं जे काही बिघडतं, त्यातलं निम्म्याहून जास्त या एका फरकातून येतं. कंट्रोलरची उजवी स्टिक, म्हणजे उजव्या अंगठ्याखालची छोटी दांडी, ही नळाची चावी आहे. ती थोडी ढकलली की नजर हळू फिरते, पूर्ण ढकलली की गेमनं ठरवलेल्या कमाल वेगानं फिरते, आणि त्यापुढं अंगठ्यानं कितीही जोर लावला तरी वेग वाढत नाही. समोर शत्रू आला की स्टिक मधोमध परत आणायची. म्हणजे स्टिकवरचा नेम हा 'कधी सोडायचं' याचा अंदाज असतो. माउसला या अंदाजाशी काही देणंघेणं नाही. दोन सेंटीमीटर सरकवला की तो ठरलेले अंशच फिरवतो, मग हात सावकाश गेलेला असो की झटक्यात.

वर्षानुवर्षं 'कधी' शिकलेल्या हाताला अचानक 'किती' विचारलं जातं आणि तो गडबडतो. लातूरकडच्या नव्या पोराची तक्रार ठरलेली असते : "दादा, नेम पुढंच जाऊलालाय." खरं आहे त्याचं. तो अजून नळ बंद करायच्या वेळेची वाट बघत असतो, आणि पोहरा केव्हाच तळाला टेकलेला असतो.

हा फरक गेम खेळणाऱ्यांच्या आधी संशोधकांनी मोजून ठेवला आहे. झेरॉक्सच्या पालो आल्टो येथील संशोधन केंद्रातल्या स्टुअर्ट कार्ड, विल्यम इंग्लिश आणि बेट्टी बर यांनी १९७८ साली माउस, वेगावर चालणारी जॉयस्टिक आणि दोन तऱ्हेच्या कळा यांची तुलना प्रसिद्ध केली. काम साधं होतं : पडद्यावरच्या मजकुरात दाखवलेल्या जागी पोचायचं. माउस सगळ्यांत लवकर पोचला आणि चुकाही त्याच्याच सगळ्यांत कमी झाल्या. यातले इंग्लिश म्हणजे १९६४च्या सुमारास डग्लस एंगलबार्टबरोबर पहिला माउस घडवणारेच. शूटर गेममध्ये मात्र ही गोष्ट रुळायला वेळ लागला. १९९६ साली 'क्वेक' आला तेव्हा बरेच जण बाणांच्या कळांवरच खेळत. माउसनं वर-खाली बघायचं तर वेगळी कमांड द्यावी लागे. डावा हात डब्ल्यू-ए-एस-डी या चालायच्या चार कळांवर आणि उजवा माउसवर ही मांडणी सगळीकडं पसरली त्यात डेनिस फाँग या खेळाडूचा मोठा वाटा आहे. 'थ्रेश' या नावानं खेळणाऱ्या या पोरानं १९९७ साली 'क्वेक'च्या स्पर्धेत, तो गेम घडवणाऱ्यांपैकी जॉन कार्मॅक याची फेरारी गाडी जिंकली, आणि त्यानंतर त्याच्या बोटांची जागा हजारोंनी उचलली.

आता दुसरी गोष्ट, जी मनाला जास्त लागते. कंट्रोलरवर नेम एकट्या खेळाडूचा नसतो. बहुतेक शूटर गेम स्टिकवाल्याला 'एम असिस्ट', म्हणजे नेमाला मदत, देतात. क्रॉसहेअर (पडद्याच्या मधोमध असलेली नेमाची खूण) शत्रूच्या जवळ गेला की नजर फिरण्याचा वेग आपोआप मंदावतो. हंडा भरत आला की नळ स्वतःहून बारीक व्हावा तसं. काही गेममध्ये याच्याही पुढची मदत असते : तुम्ही डाव्या स्टिकनं बाजूला सरकत असाल तर शत्रूच्या हालचालीबरोबर तुमची नजरही थोडी ओढली जाते. अंगठ्याच्या मर्यादेला दिलेला हा रास्त आधार आहे, त्यात लाज वाटण्यासारखं काही नाही. माउस जोडला की ही मदत बंद होते. पहिल्या आठवड्यात 'आपल्याला नेमच येत नव्हता की काय' असं वाटतं ते यामुळं. येत होता. त्यातला एक हिस्सा गेम उचलत होता, तो आता स्वतः उचलायचा आहे. बाकी सगळं सोबत आलेलंच असतं : नकाशा, पावलांचे आवाज, कुठल्या कोपऱ्यातून कोण कधी डोकावेल याचा अंदाज, स्वतः बाजूला सरकून नेम जुळवायची सवय. कंट्रोलरवर चार वर्षं घालवलेला माणूस माउसवर पहिलीत बसत नाही, फार तर नव्या शाळेत त्याच इयत्तेत बसतो.

इथं कन्सोलवाल्यांसाठी, म्हणजे टीव्हीला जोडायच्या गेमयंत्रावर खेळणाऱ्यांसाठी, एक इशारा. बाजारात असे कन्व्हर्टर मिळतात जे माउसच्या हालचालीचं स्टिकच्या हालचालीत रूपांतर करून कन्सोलला देतात. गेमला वाटतं स्टिकच आहे, म्हणून कमाल वेगाची मर्यादा तशीच राहते. झटका मारला तरी नजर ठरलेल्या वेगापलीकडं जात नाही. पोहऱ्याचा दोर नळाच्या चावीला बांधल्यासारखं ते होतं, आणि हाताला चुकीचं वळण लागतं. शिवाय माउसही हातात आणि एम असिस्टही चालू, हा समोरच्यावर अन्याय आहे. 'रेनबो सिक्स सीज'नं २०२३पासून अशी जोडणी ओळखून तिच्यावर मुद्दाम विलंब लादायला सुरुवात केली. 'फोर्टनाइट' आणि 'वॉरझोन' यांसारखे गेम कन्सोलवरही यूएसबीचा माउस-कीबोर्ड सरळ स्वीकारतात. तो रस्ता सरळ आहे, तोच धरावा.

माउस जोडल्यावर पहिलं काम गेमच्या बाहेरचं आहे. विंडोजच्या माउस सेटिंगमध्ये 'पॉइंटर ऑप्शन्स' या पानावर 'एनहान्स पॉइंटर प्रिसिजन' नावाचा चौकोन असतो. नाव फसवं आहे. तो चालू असला की हात जोरात गेल्यावर पॉइंटर जास्त जातो आणि सावकाश गेल्यावर कमी. म्हणजे दोर कधी ताणतो, कधी आखडतो. सात हात सोडले तर पोहरा आज सहा हातांवर, उद्या नऊ हातांवर. अशा दोरावर कुणाचाच हात बसणार नाही. टिक काढून टाका, त्याच पानावरची वेगाची पट्टी मधोमध ठेवा, आणि गेममध्ये 'रॉ इनपुट'चा (माउसची हालचाल फेरफार न करता जशीच्या तशी घेण्याचा) पर्याय असेल तर तो चालू करा. तसंच शिफ्टची कळ पाच वेळा दाबली की 'स्टिकी कीज'ची खिडकी मध्येच उघडते. ती ऐन चकमकीत उघडायच्या आधी, आजच बंद करा.

मग सेन्सिटिव्हिटी, पोरांच्या तोंडी 'सेन्सी' : माउस सरकवल्यावर नजर किती फिरावी याचं प्रमाण. कंट्रोलरवरून आलेला जवळजवळ प्रत्येक जण ती फार वर ठेवतो. त्याचं कारण समजण्यासारखं आहे : स्टिकवर मागं वळायला वेळ लागायचा, म्हणून वेगाची भूक असते, आणि आजवर सगळं काम अंगठ्यानं झालेलं असल्यानं हात हलवायची सवयच नसते. पण गणित बघा. २० मीटरवर उभ्या असलेल्या माणसाचं डोकं २० सेंटीमीटर रुंद धरलं तर डोळ्याला ते सुमारे ०.५७ अंश भरतं. माउस १० सेंटीमीटर सरकवल्यावर नजरेची पूर्ण गिरकी (३६० अंश) होत असेल तर एका मिलिमीटरला ३.६ अंश होतात, म्हणजे ते डोकं माउसच्या हिशोबात ०.१६ मिलिमीटर रुंद. एवढ्याशा हालचालीवर कुणाच्याच मनगटाचा ताबा नसतो. गिरकीला ४० सेंटीमीटर लागत असतील तर तेच डोकं ०.६४ मिलिमीटर होतं. कठीण आहे, पण हाताच्या आवाक्यातलं आहे.

सुरुवातीला ४० सेंटीमीटरच्या आसपास एक गिरकी धरावी. ८०० डीपीआयचा माउस एक इंच सरकला की ८०० मोजण्या पाठवतो. 'वॅलोरंट' या शूटर गेममध्ये प्रत्येक मोजणीला ०.०७ गुणिले सेन्सी इतके अंश नजर फिरते. सेन्सी ०.४ ठेवली तर ०.०२८ अंश. ३६०ला त्यानं भागलं की १२,८५७ मोजण्या, म्हणजे १६ इंचांहून किंचित जास्त, सेंटीमीटरमध्ये ४०.८. 'काउंटर-स्ट्राइक २'मध्ये तोच आकडा ०.०७च्या जागी ०.०२२ आहे, म्हणून वॅलोरंटच्या सेन्सीला ३.१८नं गुणायचं, ०.४चे १.२७ होतात. माउसवर १६०० डीपीआय ठेवला असेल तर गेममधली सेन्सी निम्मी करायची. मित्राचा सेन्सीचा आकडा विचारताना डीपीआय विचारायचा राहिला, की नुसता आकडा काही कामाचा नाही.

आकडेमोड नको असेल तर शाळेतली ३० सेंटीमीटरची पट्टी आणि खडूचा तुकडा पुरतो. सरावाच्या मैदानात जाऊन क्रॉसहेअर भिंतीच्या एका उभ्या कडेवर ठेवा. माउस पॅडच्या डाव्या टोकाला ठेवून त्याच्या डाव्या कडेशी पॅडवर खडूची बारीक रेघ मारा. आता माउस न उचलता, आडव्या सरळ रेषेत उजवीकडं न्या, तीच कड पुन्हा क्रॉसहेअरखाली येईपर्यंत. तिथं दुसरी रेघ. दोन रेघांमधलं अंतर पट्टीनं मोजा. पॅड मध्येच संपलं तर पाठीमागची भिंत समोर येईपर्यंत, म्हणजे अर्धी गिरकी मोजा आणि दुप्पट करा. हेच अंतर पुन्हा एकदा माउस झपकन ओढून मोजा. दोन्ही वेळा सारखं आलं तर दोर पक्का आहे. वेगळं आलं तर मघाचा तो चौकोन कुठंतरी चालू राहिलाय किंवा माउसचा सेन्सर झटक्यात हुकतोय. आलेला आकडा पॅडच्या पाठीवर पेनानं लिहून ठेवा आणि महिनाभर त्याला हात लावू नका. हरलेल्या मॅचनंतर सेन्सी बदलण्याइतकं नुकसान दुसऱ्या कशानंच होत नाही. काल शिकलेलं अंतर आज खोटं ठरतं आणि हात पुन्हा शून्यावर येतो.

४० सेंटीमीटर म्हणजे हात कोपरापासून हलवावा लागतो, आणि इथं अंगठ्यावाला माणूस अडतो. तो मनगट टेबलाला चिकटवून बोटांनी सगळं करायला बघतो. ज्वारीची भाकरी थापणारा हात आठवा. तळहात पीठ पसरवत नेतो आणि कडेला आल्यावर बोटांची टोकं हलकेच आकार धरतात. तळहाताचं काम बोटांवर टाकलं तर भाकरी फाटते. नेमही असाच दोन टप्प्यांचा असतो. रॉबर्ट वुडवर्थ या मानसशास्त्रज्ञानं १८९९ सालीच दाखवलं होतं की अचूक हालचालीत आधी एक मोठा फेक असतो आणि मग डोळ्यांच्या मदतीनं बारीक दुरुस्ती. कोपरानं शत्रूजवळ पोचायचं, मनगट आणि बोटांनी उरलेलं अंतर भरायचं. शिकताना पहिला फेक जरा अलीकडंच थांबवावा. पुढं गेलेला नेम मागं ओढण्यापेक्षा अलीकडचा नेम पुढं नेणं सोपं जातं. आणि पकड ढिली ठेवावी. घाबरलेला हात माउसला पॅडवर दाबतो, घर्षण वाढतं, मग तो अडखळत सरकतो आणि दोष माउसला मिळतो. फेरी संपली की हात उचलून झटकावा.

उजव्या हाताची एवढी चर्चा होते की डाव्याकडं कुणी बघत नाही. खरं तर अवघड बदल तिथंच आहे. डावी स्टिक कुठल्याही दिशेला, कुठल्याही वेगानं चालवते. चार कळा फक्त आठ दिशा देतात आणि कळ एक तर दाबलेली असते किंवा सोडलेली. मधलं काही नाही. सावकाश चालायला वेगळी कळ धरावी लागते. बोटांची जागा अशी : करंगळीशेजारचं बोट 'ए'वर, मधलं डब्ल्यूवर, तर्जनी डीवर, करंगळी शिफ्ट आणि कंट्रोलसाठी मोकळी, अंगठा स्पेसवर. मागं यायचं तर मधलंच बोट खाली एसवर येतं.

ज्यांनी सरकारी टायपिंगची ३० किंवा ४० शब्दांची परीक्षा दिली आहे, आणि आपल्याकडं तालुक्याच्या प्रत्येक गावात अशी लेकरं आहेत, त्यांची इथं एक हमखास चूक होते. टायपिंगच्या सवयीनं करंगळी एवर जाऊन बसते, सगळा हात एक घर उजवीकडं सरकतो आणि शिफ्टला बोटच उरत नाही. ही सवय मोडत नसेल तर उलट करावं : चालायच्या कळा ई-एस-डी-एफ अशा बांधून घ्याव्यात. करंगळी एवर राहते, आणि तर्जनी एफवर येऊन तिथल्या उंचवट्यावरून हाताला जागा न बघता सापडते. सुरुवातीला प्रत्येक कळ नव्यानं बांधायला अर्धा तास जातो, पण टायपिंग शिकलेल्यांना ही मांडणी मनापासून सुचवावीशी वाटते.

कळा बांधताना एकच प्रश्न विचारायचा : ही कळ दाबायला कुठलं बोट उठणार, आणि ते उठल्यावर कुठली हालचाल थांबणार? आर दाबायला तर्जनी डीवरून उठते, म्हणजे बंदूक भरताना उजवीकडं सरकणं बंद पडतं. कंट्रोलरवर हा प्रश्न नव्हता, डावा अंगठा स्टिकवरून हलायचाच नाही. म्हणून आडोशाला डावीकडं सरकतानाच बंदूक भरायची सवय लावावी, किंवा ती कळ माउसच्या बाजूच्या बटणावर न्यावी. ग्रेनेड आणि बोलायचं बटणही तिकडंच बरं.

थांबणं हीदेखील शिकायची गोष्ट आहे. 'काउंटर-स्ट्राइक'मध्ये पळताना मारलेली गोळी भरकटते, आणि डी सोडल्यावरही पाय क्षणभर घसरत राहतात. म्हणून डी सोडताच ए हलकेच टिचकी मारल्यासारखी दाबायची, पाय जागेवर रुततात, तेव्हा गोळी. वॅलोरंटमध्ये पाय आपणहून लवकर थांबतात, तरी गोळीआधी थांबावंच लागतं. आधी ताल बोटांत बसवावा : सरकणं, उलट टिचकी, गोळी, नेमाचा विचार नंतर. हे आपोआप करून देणारे कीबोर्ड निघाले आहेत, पण 'काउंटर-स्ट्राइक' बनवणाऱ्या व्हॉल्व कंपनीनं ऑगस्ट २०२४पासून आपल्या सर्व्हरवर अशा सोयीला मनाई केली आहे.

साध्या कीबोर्डची एक खोड आधीच तपासून घ्यावी. स्वस्त कीबोर्डात कळा आडव्या-उभ्या तारांच्या जाळीवर बसवलेल्या असतात, आणि काही विशिष्ट तीन कळा एकदम दाबल्या की चौथी खोटी कळ दाबल्यासारखी दिसू शकते. ते टाळायला कीबोर्ड तिसरी कळच नाकारतो. खेळताना वाटतं आपलं बोट चुकलं. नोटपॅड उघडा, डब्ल्यू आणि ए धरून ठेवा, मग आर, जी, ई, स्पेस एकेक करून दाबा. पुन्हा डब्ल्यू आणि डी धरून तेच करा. जे अक्षर उमटत नाही, ती कळ त्या कामासाठी बांधायची नाही. नवा कीबोर्ड घ्यायची गरज नाही, कळ बदलली की झालं.

माउसचंही तसंच. ८० ग्रॅमच्या आगेमागे वजनाचा, तारेचा, बाजूला दोन बटणं असलेला साधा गेमिंग माउस वर्षानुवर्षं पुरतो. हजारो डीपीआयच्या जाहिरातीला भुलू नये, वापरायचे आहेत ८०० किंवा १६००. पैसे उरले तर ते पॅडवर घालावेत : कापडी, ४५ बाय ४० सेंटीमीटर, खालून रबर. चकचकीत सनमायकावर किंवा काचेवर सेन्सर उड्या मारतो.

बैठक. कंट्रोलर दिवाणावर लोडाला टेकून, टीव्हीपासून आठ फुटांवर बसून चालतो. माउस चालत नाही. आपल्याकडं बहुतेक घरांत अभ्यासाचं टेबल ७५ सेंटीमीटर उंच आणि प्लास्टिकच्या खुर्चीची बैठक ४३च्या आसपास असते. एवढ्या फरकात खांदा वर उचलला जातो आणि अर्ध्या तासात मान भरून येते. खुर्चीवर जुनी वाकळ चार पदरी घडी करून ठेवावी, कोपर टेबलाच्या पातळीला येईल इतकी. पाय लोंबकळायला लागले तर खाली पाट. टेबलाची कड हाताच्या खालच्या बाजूला रुतत असेल तर तिथं पंच्याची घडी. करंगळीत आणि तिच्या शेजारच्या बोटात मुंग्या आल्या तर बहुधा कोपरापाशी नस दाबली जात असते. त्या दिवसाचा खेळ तिथं थांबवावा, आणि रोज येत असतील तर डॉक्टरांना दाखवावं. टीव्हीवरच खेळायचं असेल तर त्याचा 'गेम मोड' चालू करावा. चित्र सुधारायच्या नादात टीव्ही जो उशीर करतो तो स्टिकवर फारसा जाणवत नाही, माउसवर लगेच जाणवतो, कारण हात आणि चित्र यांचं नातं आता थेट झालेलं असतं.

आणि आपला उन्हाळा. मे महिन्यात पारा ४२च्या पुढं गेला की कूलर लागतो, आणि कूलरची ओलसर हवा थेट पॅडवर आली की कापड दमट होऊन माउस जड सरकतो. सकाळी लागलेला नेम दुपारी लागत नाही त्याचं कारण पुष्कळदा एवढंच असतं. कूलरचं तोंड अंगाकडं ठेवा, टेबलाकडं नको. तळहाताला घाम येत असेल तर मांडीवर कोरडा रुमाल. कॅरमची पावडर पॅडवर टाकायचा मोह होतो, पण ती विणीत बसते, सेन्सरच्या भोकात जाते, आणि दोन दिवसांच्या गुळगुळीतपणापायी पॅड कायमचं खराब होतं. काळ्या मातीची धूळ तर खिडकी बंद असली तरी आत येते. आठवड्याला माउस उलटा करून खालच्या पट्ट्यांच्या कडेला जमलेला मळ कोरड्या कापडानं काढावा, सेन्सरवर मऊ ब्रश फिरवावा. महिन्या-दोन महिन्यांनी पॅड कोमट पाण्यात साबणाच्या फेसानं हातानं धुवून सावलीत पूर्ण वाळवावं. कडक उन्हात टाकलं तर रबर वाकतं आणि कडा उचलल्या जातात.

सरावाबद्दल माझं मत ठाम आहे : पहिले आठ दिवस रँकची (क्रमवारीत मोजली जाणारी) मॅच खेळू नये. हरण्याची भीती हाताला जुन्या वळणावर नेते. रोज २० ते ३० मिनिटं सरावाच्या मैदानात जावं. भिंतीवरचे दोन ठिपके निवडून एकावरून दुसऱ्यावर नेम न्यायचा, घाई न करता, पन्नास वेळा. पोचल्यावर दुरुस्ती संपेपर्यंत गोळी मारायची नाही. मग छताच्या कडेवरून क्रॉसहेअर सरळ ओढत न्यायचा, रेषेवरून घसरू न देता. मग रिकाम्या नकाशात फिरायचं आणि प्रत्येक कोपऱ्यावर क्रॉसहेअर डोक्याच्या उंचीला ठेवायचा. स्टिकवाल्यांची नजर चालताना जमिनीकडं उतरते, कारण शत्रू दिसल्यावर मदत मिळणार असते. आता ती मिळणार नाही, म्हणून हातानं कापायचं अंतरच आधी कमी करून ठेवायचं. 'एमलॅब्स'सारखं नेमाच्या सरावाचं फुकट साधन चांगलं आहे, पण त्यातल्या गुणांच्या मागं लागून हात फक्त झटके मारायला शिकतो. सरकत्या लक्ष्याला धरून ठेवायचे सरावही तेवढेच करावेत.

संध्याकाळी 'हाफ-लाइफ २'सारखा जुना, एकट्यानं खेळायचा गेम लावावा. तिथं कुणी ओरडत नाही, थांबून बोटं बघता येतात. दुसऱ्या आठवड्यात बॉट (संगणकानं चालवलेले शत्रू), तिसऱ्या आठवड्यापासून डेथमॅच (खऱ्या खेळाडूंशी, मेलं की लगेच परत उतरायची मॅच). या काळात तोच गेम कंट्रोलरवर खेळू नये. सवय होताना एक खूण दिसते : नेम चुकतो, पण तो अलीकडं आणि पलीकडं सारखाच चुकायला लागतो. सतत पलीकडंच जाणारा हात अजून नळाच्या हिशोबात असतो. दोन्ही बाजूंना चुकणारा हात अंतर मोजायला लागलेला असतो, आणि मग चूक हळूहळू आकसत जाते. साधारण महिनाभरात डावा हात न बघता चालायला लागतो. उजव्याला त्याहून वेळ लागला तर घाबरू नये.

कंट्रोलर विकून टाकू नका. गाडी चालवायच्या खेळात कीबोर्ड म्हणजे स्टिअरिंग एक तर पूर्ण डावीकडं नाही तर पूर्ण उजवीकडं. तिथं नळाची चावीच लागते, थोडी उघडता येणारी. फुटबॉललाही तोच बरा. ठेवून देताना बॅटरी अर्धी भरलेली असू द्या, आणि पत्र्याच्या खोलीत किंवा उन्हाच्या खिडकीत ठेवू नका, उष्णतेनं ती लवकर मरते. दोन-तीन महिन्यांनी केबल लावून थोडी चार्ज करा, आणि दोन्ही स्टिक गोल फिरवून बघा, खाली धूळ बसून कुठं अडखळत तर नाहीत.